उसना डोंगर आणि उसनी दृष्टि

गेल्या कार्तिकांत कांहीं कामानिमित्त नृसिंहवाडीस आमचें जाणें झालें. दत्तप्रभूंच्या पादुकांचें दर्शन घेऊन आम्ही एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं उतरलों. त्यांच्या ओसरीवर भिंतीशीं टेकून एक मोठें तैलचित्र उभें होतें. शंभरएक वर्षांपूर्वीं नाटकाचे पडदे रंगविणाऱ्या कोणा कारागिरानें तें एका विलायती छापील चित्रावरून काढलें, असें घरांत सांगतात. उजव्या अंगास काळाकभिन्न कडा. त्यावरून कोसळणारा धबधबा. पुढें विजेनें फुटलेलें एक झाड. आणि झाडाखालीं दोन-तीन माणसें, प्रवासी कीं दरोडेखोर हें सांगतां येऊं नये इतकीं लहान. सबंध चित्रावर काताच्या रंगाची एक छटा पसरलेली. खालच्या कडेपासून वीतभर उंचीवर मात्र एक सरळ, मातकट रेघ होती. ती रेघ चित्रकारानें काढलेली नव्हे. ती ऑगस्ट २०१९ च्या महापुरानें काढलेली आहे.

आमच्याबरोबर आमचे एक तरुण सहाध्यापक होते. कलेचा इतिहास हा त्यांच्या व्यासंगाचा विषय असून ते त्यावर व्याख्यानेंहि देतात. यजमानांनीं त्यांस विचारलें, “प्रोफेसरसाहेब, हें ठेवावें कीं टाकावें? पुरापासून ओसरीवरच पडून आहे.” सहाध्यापकांनीं क्षणभर पाहिलें आणि निकाल दिला: “टाकून द्या, काका. ही नकलेची नक्कल. डोंगर त्यांचा, झाड त्यांचें, उजेड त्यांचा. आपलें यांत काय आहे?”

हें येथेंच संपतें, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु पुढच्या पंधरवड्यांत याच गृहस्थांचें एक जाहीर व्याख्यान झालें, आणि ओसरीवरचा तो निकाल तेथें सिद्धांत होऊन आला. त्यांचें म्हणणें आम्ही शक्य तितक्या प्रामाणिकपणें येथें मांडतों. मराठी माणसाला डोंगर असा कधीं दिसलाच नाहीं. त्याला दिसले ते गड, देवस्थानें आणि वाटा. डोंगराकडे डोंगर म्हणून पाहणें हें सतराव्या शतकांतील युरोपाचें, म्हणजे बरोक कालखंडाचें, देणें आहे. सबब कोल्हापुरांत आबालाल रहिमान यांच्यापासून जी निसर्गचित्रांची परंपरा म्हणून मिरविली जाते ती मुळांत उसनवारी आहे, आणि उसनवारीच्या जतनाचा घोर बाळगण्याचें कारण नाहीं. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हीं वाजविल्या नाहींत. त्याचीं कारणें आतां देतों.

प्रथम त्या ओसरीवरच्या डोंगराचें कूळ तपासूं. ‘बरोक’ हा शब्द वेड्यावांकड्या मोत्याच्या पोर्तुगीज नांवावरून आला असें बहुतेक पंडित मानतात. त्या युगाची चित्रकला तिरप्या रेषांची, गडद छायेंत एकाएकीं उजळणाऱ्या प्रकाशाची आणि खळबळीची. फुटकें झाड, काळा कडा, संशयास्पद माणसें ही सामग्री जिच्या नांवावर जमा आहे ती असामी म्हणजे नेपल्सजवळ १६१५ सालीं जन्मलेला आणि १६७३ सालीं रोम येथें वारलेला साल्व्हातोर रोझा. पुढें इंग्रज रसिकांवर याच्या डोंगरांचा पगडा इतका बसला कीं १७३९ सालीं आल्प्स पर्वत ओलांडीत असतां होरेस वॉलपोल यास प्रत्यक्ष कड्यांपुढें उभें राहूनहि रोझाचेंच नांव आठवलें. पर्वत समोर असतां माणसानें त्याची किंमत चित्रावरून करावी, ही उसनी दृष्टि खुद्द युरोपांत अशी जन्मली. ती कांहीं आमच्या गुलामगिरीनें निर्माण केली नाहीं.

धबधब्याचें कूळ तर याहून मौजेचें आहे. हॉलंड हा सपाट देश. त्याचा बराच भाग समुद्रसपाटीच्याहि खालीं. तेथें कडा कोठला आणि प्रपात कोठला? आलार्त फान एव्हरडिंगेन नांवाचा एक डच चित्रकार १६४४ सालीं नॉर्वे-स्वीडनकडे गेला आणि तेथले खडक, देवदारासारखे सूचिपर्णी वृक्ष आणि फेसाळणारे ओघ टिपून घेऊन परतला. त्याच्या चित्रांवरून याकोब फान राउसडाल यानें धबधबे काढावयास घेतले. राउसडाल हा डच निसर्गचित्रकारांचा मुकुटमणि. पण तो त्या उत्तरेकडील देशांत कधीं गेल्याचा पुरावा नाहीं. तो जर्मन सरहद्दीवरील बेंटहाइमपर्यंत मात्र गेला होता. तेथील किल्ला एका बेताच्या टेकडीवर आहे. राउसडालनें आपल्या चित्रांत ती टेकडी उचलून डोंगराएवढी केली. म्हणजे आमच्या सहाध्यापकांनीं ज्यास ‘त्यांचा डोंगर’ म्हटलें तो त्यांचाहि नव्हे. तो डचांनीं नॉर्वेकडून, इंग्रजांनीं इटलीकडून आणि वाडीच्या कारागिरानें छापील कागदाकडून घेतला. उसनवारी हाच गुन्हा ठरवावयाचा, तर आरोपीच्या पिंजऱ्यांत पहिल्यानें राउसडालला उभें करावें लागेल. त्याचीं चित्रें पाहून मात्र कोणीहि असें म्हणत नाहीं. कां म्हणत नाहीं? धबधबा उसना असला तरी त्यावरचे ढग त्यानें हार्लेमच्या माळावर आपल्या डोळ्यांनीं पाहिलेले होते, हें त्या चित्रांत दिसतें म्हणून.

हा डोंगर कोल्हापूर प्रांतीं कसा आला, हेंहि आमच्या मित्रांनीं विचारांत घेतलें नाहीं. त्यांना वाटतें, साहेबानें तो शाळेंत शिकविला. शाळेचा वांटा आहेच. परंतु सामान्य मराठी माणसानें हा डोंगर पाहिला तो नाट्यगृहांत. रंगमंचावर पार्श्वभागीं खोल अंतराचा भास करणारे रंगविलेले पडदे आणि बाजूचे पाखे ही व्यवस्था सतराव्या शतकांतल्या इटलीची. जाकोमो तोरेल्ली याच्यासारख्या कारागिरांनीं ती पूर्णतेस नेली. ती पुढें पारशी आणि मराठी नाटकमंडळ्यांबरोबर गांवोगांव हिंडली. कोल्हापुरांत आनंदराव आणि बाबूराव पेंटर या जोडीनें अशा पडद्यांत जें नांव मिळविलें तें सर्वश्रुत आहे. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० सालीं ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. म्हणजे मराठी बोलपटाची पूर्वपीठिका ज्या हातांनीं रचली ते हात आधीं रंगविलेल्या डोंगरांवर आणि राजवाड्यांवर बसलेले होते. ओसरीवरचें तें चित्र या वंशवृक्षाचें एक पान आहे. तें उत्कृष्ट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें पुराव्याचा कागद आहे, आणि पुराव्याचे कागद सुंदर नाहींत म्हणून कोणी बंबांत घालीत नाहीं.

आतां मूळ आक्षेपाकडे वळूं: मराठी माणसाला डोंगर दिसला नाहीं. यांत खरें किती तें आधीं कबूल करतों. वाई-मेणवलीच्या वाड्यांतील भिंतींवरचीं चित्रें घ्या. तेथें देव आहेत, अवतार आहेत, डोंगर आलाच तर कथेच्या पाठीमागें आलेला आहे. केवळ डोंगरासाठीं डोंगर आमच्या जुन्या चित्रकारांनीं काढला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु युरोपांत तरी निराळें काय होतें? सोळाव्या शतकापर्यंत तेथेंहि डोंगर हा संतांच्या आणि मेरीमातेच्या खांद्यामागून डोकावत असे. स्वतंत्र निसर्गचित्र ही तेथलीहि अलीकडची गोष्ट आहे. दोन-तीनशें वर्षांच्या अंतरावरून एका समाजास डोळस आणि दुसऱ्यास आंधळा ठरविणें हें इतिहासाचें काम नव्हे.

शिवाय पाहण्याची साक्ष चित्रांतच असते असें कोणीं ठरविलें? भाषेंत ती नसते काय? कडा, सुळका, सोंड, धार, खिंड, घळ, कपार, पदर, माची, सडा, पठार, टेकाड, लवण, नाळ, घाट: हे शब्द आम्हीं कोशांतून खणून काढलेले नाहींत, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेला गुराखी ते रोज बोलतो. लादलेले बैल उतरतील तो घाट, आणि माणसानें हातपाय टेकीत उतरावयाची ती नाळ, हा भेद न पाहतां कोणास सुचला? आमचे मित्र यावर म्हणतील, आणि व्याख्यानानंतर म्हणालेहि, कीं “हें सगळें गरजेपोटीं झालें. त्यांत सौंदर्यदृष्टि कोठें आहे?” आमचें उत्तर असें कीं गरजेनें पाहणें हीच पाहण्याची पहिली इयत्ता होय. ज्या डचांनीं समुद्र हटवून शेतें केलीं, त्यांनींच ढगांची आणि पाण्याची चित्रें इतक्या बारकाईनें काढलीं. ज्याला पाण्याची भीति आहे त्यालाच पाण्याचा रंग नीट दिसतो. वाडीच्या घाटावरील नावाड्यास विचारून पाहावें.

आबालाल रहिमान यांचें काय? या थोर चित्रकारानें मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिक्षण घेतलें, १८८८ सालीं व्हाइसरॉयचें पदक मिळविलें, आणि मुंबईंत राहून धनिकांच्या तसबिरी काढण्याऐवजीं तो कोल्हापुरास परत आला. छत्रपति शाहू महाराजांनीं त्यास आश्रय दिला. त्यानें काढलें काय? आल्प्स नव्हे, रोझाचे कडेहि नव्हेत. त्यानें कोटितीर्थाचें तळें काढलें, रंकाळा काढला, पंचगंगेचा घाट काढला, तेंच पाणी सकाळीं, संध्याकाळीं, धुक्यांत, उन्हांत, पुनःपुन्हां काढलें. रंग विलायती होते, कागद विलायती होता, शिक्षणहि विलायती होतें. तळें मात्र कोल्हापूरचें होतें आणि पाहणारा डोळा त्याचा स्वतःचा होता. राउसडालनें उसन्या धबधब्यावर स्वतःचे ढग चढविले. आबालालनें उसन्या विद्येंत स्वतःचें तळें भरलें. या दोहोंपैकीं एकास प्रतिभावंत आणि दुसऱ्यास नकलाकार म्हणणें हा न्याय कोणत्या पुस्तकांतला?

असें असतां आम्ही आमच्या मित्रांच्या विरुद्ध बाजूस उभे असलेल्यांचे वकीलहि नाहीं. उसनी दृष्टि हा खरा रोग आहे, आणि तो अद्याप बरा झालेला नाहीं. वाडी-कुरुंदवाडपासून कोल्हापूरपर्यंत कोणत्याहि उपाहारगृहांत जा. भिंतभर बर्फाचीं शिखरें, लाकडी घर आणि निळें सरोवर यांचा छापील कागद चिकटविलेला आढळेल. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचीं प्रदर्शनें पाहा. सह्याद्रि म्हणून जें काढलेलें असतें त्यांत सुईसारखीं टोंकें असतात. सह्याद्रि तसा नाहीं. तो लाव्ह्याच्या थरावर थर बसून झालेला बसाल्टाचा पर्वत आहे. त्याच्या अंगावर आडव्या रेघा आहेत आणि त्याचे माथे बहुधा सपाट आहेत. पन्हाळ्याचा माथा जांभ्या दगडाचा. मसाईचें पठार पाहावें; डोंगराच्या डोक्यावर जणूं माळ अंथरला आहे. सुळके आहेत, नाहींत असें नाहीं; परंतु या पर्वताचा स्वभाव आडवा आहे, तिरपा नव्हे. बरोक चित्राची सगळी मांडणी तिरप्या रेषेवर उभी असते. ती मांडणी पन्हाळ्यावर लादली कीं पन्हाळा मोडतो.

आणखी एक गोष्ट या देशावरच्या चित्रकारानें ध्यानांत धरण्यासारखी आहे. सह्याद्रीचें तोंड कोंकणाकडे आहे आणि पाठ देशाकडे. छाती दडपून टाकणारा कडा कोंकणांतून दिसतो. कोल्हापूरकरास दिसते ती पर्वताची उतरती पाठ, तिच्यावरून वाहत येणारे ढग आणि पाणी. ज्याला या पाठीचें चित्र काढतां आलें त्यानेंच आपला डोंगर काढला म्हणावयाचें.

तोच प्रकार त्या काताच्या छटेचा. जुन्या युरोपीय चित्रांत जो तपकिरी अंधार दिसतो त्याचा मोठा भाग चित्रकाराच्या मनांतला नसून काळाचा आहे. कित्येक चित्रकार गडद मातकट अस्तरावर रंग चढवीत; वरचे रंग कालांतरानें विरल होऊन अस्तर वर येतें, आणि शेवटचा रोगणाचा हात पिंवळा पडत जातो. अठराव्या शतकांतले इंग्रज प्रवासी तर काळसर कांचेचा एक फुगीर आरसा जवळ बाळगीत आणि देखाव्याकडे पाठ करून त्या आरशांत देखावा पाहत, म्हणजे प्रत्यक्ष शेतें-डोंगर क्लोद लोरेंच्या जुन्या चित्रासारखीं दिसावींत! आमच्याकडील अनुकरण करणाऱ्यांनीं चित्रावर चढलेल्या या जुनेपणाचेंहि अनुकरण केलें. कार्तिकांतल्या कोल्हापूरचें ऊन तें पिकलेल्या गवतावर पिंवळें आणि कातळावर निळसर पडतें. त्यास काताचें पाणी पाजण्याचें प्रयोजन काय? तेव्हां नकलेवर टीका अवश्य करावी. पण टीका करणारानें निदान आपण तरी पाहावें. आमच्या मित्रांनीं ओसरीवरचें तें चित्र एक क्षणच पाहिलें, आणि त्यांत आपलें कांहींच नाहीं असें सांगून मोकळे झाले. त्यांत आपलें जें होतें तें त्यांच्या डोळ्यांसमोर होतें.

वाडीच्या घाटावरून सह्याद्रीचा कडा दिसत नाहीं. सभोंवतीं ऊस, मळीची काळी जमीन आणि दोन नद्यांचे कांठ. परंतु सह्याद्रि वाडीस येतो. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, कऱ्हाडास कोयना आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा पोटांत घेऊन ती येथें पोंचते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती मिळून झालेली पंचगंगा तिला येथें भेटते. महाबळेश्वरीं वर्षांत पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; शिरोळ तालुका त्यामानानें कोरडा. म्हणून वाडींत डोक्यावर ऊन असतांहि नदी चढूं लागते, आणि जाणते लोक गढूळ पाण्याकडे पाहून सांगतात कीं वर घाटमाथ्यावर पाऊस लागला आहे. पाणी गाभाऱ्यांत शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडतें, तेव्हां हजारों भाविक त्या दक्षिणद्वारीं स्नानास लोटतात. आणखी चढलें कीं उत्सवमूर्ति वर गांवांत नेतात. २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं हें पाणी देवळापुरतें राहिलें नाहीं; घरांत शिरलें.

त्या पाण्याबरोबर जी माती आली ती कोठली? घाटमाथ्यावरची. तेव्हां ओसरीवरच्या चित्रावरील ती वीतभर उंचीची मातकट रेघ म्हणजे साक्षात् सह्याद्रि आहे. रंगविलेला डोंगर नॉर्वेचा असो वा नेपल्सचा; त्या कापडावर बसलेला गाळ आमच्या डोंगराचा आहे. ‘आपलें यांत काय आहे’ या प्रश्नाचें उत्तर ज्याच्या बोटास लागलें असतें, तो गृहस्थ बोट न लावतां निघून गेला.

हें आम्ही चमत्कृतीसाठीं लिहीत नाहीं. प्रश्न एका चित्राचा असता तर यजमानांच्या इच्छेवर सोडतां आला असता. परंतु जो समाज ‘ही उसनवारी आहे’ असें म्हणून हात झटकावयास शिकला, त्याच्या हातून कांहींच राहत नाहीं. शाहू महाराज १९२२ सालीं निवर्तल्यावर शोकाकुल आबालालनें आपलीं चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं अशी आख्यायिका कोल्हापुरांत सांगतात. ती खरी असो वा नसो. आपण तिचा उपयोग करतों तो आपली जबाबदारी तळ्यावर ढकलण्यासाठीं. जें तळ्यांत गेलें नाहीं त्याचें आपण काय केलें? महाराजांनीं बांधविलेलें आणि पुढें केशवराव भोसल्यांचें नांव मिळालेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजीं आगींत सांपडलें, तेव्हां सारें शहर रडलें. आम्हीहि रडलों. पण ज्या रंगविलेल्या पडद्यांनीं त्या पिढीला डोंगर दाखविला त्यांपैकीं किती आज कोणाच्या माळ्यावर आहेत, याची कोणीं यादी केली आहे काय? आगीपूर्वीं तरी केली होती काय?

म्हणून आमच्या मागण्या थोडक्या आणि साध्या आहेत. चित्रकलेच्या शिक्षकांनीं विद्यार्थ्यांस पुस्तकांतल्या शिखरांवरून उठवून श्रावणांत वाडीच्या घाटावर आणि कार्तिकांत पन्हाळ्याच्या तटावर बसवावें, आणि दोन्ही ठिकाणच्या पाण्याचा व दगडाचा रंग त्यांच्याकडून वेगळा काढून घ्यावा. कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या घरांत, मठांत, धर्मशाळांत जीं जुनीं तैलचित्रें, पडदे आणि तसबिरी उरल्या आहेत त्यांची गांववार नोंद व्हावी. हें काम आमच्या महाविद्यालयांतील मुलें दोन सुट्ट्यांत करूं शकतील. पुराची वर्दी येतांच उत्सवमूर्ति हलविण्याची वाडीची रीत शतकांची आहे. तीच शिस्त घरच्या चित्रांस लावावी. भिजलेलें चित्र ओल्या फडक्यानें पुसूं नये, उन्हांत ठेवूं नये. सावलींत, हवेशीर जागीं सावकाश वाळूं द्यावें आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, जेथें सर रतन आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतलीं युरोपीय चित्रें टांगलेलीं आहेत, तेथेंच संवर्धनाचें केंद्रहि आहे. विलायती डोंगराला मुंबईंत जर वैद्य मिळतो तर वाडीच्या डोंगरानें काय पाप केलें?

आमचे सहाध्यापक अभ्यासू आहेत आणि आमच्यावर त्यांचा लोभ आहे. हा लेख वाचून तो कमी होईल असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांचें उत्तर याच मासिकांत आलें तर आम्ही तें आनंदानें वाचूं. मात्र लिहिण्यापूर्वीं त्यांनीं येत्या श्रावणांत एकदां वाडीस यावें, एवढी विनंति आहे. यजमानांनीं चित्र टाकलेलें नाहीं. आमच्या सांगण्यावरून त्यांनीं तें ओसरीवरून उचलून माडीवर, पुराच्या खुणेहून दोन हात उंच टांगलें आहे. आणि ती रेघ पुसूं नये असें आम्हीं त्यांस बजावलें आहे.